बत्तिसावी कपार

माघातल्या एका मंगळवारी लिंबाजीदादा वारले. झरीच्या शिवारात एका शेतकऱ्याने खतासाठी त्यांच्या मेंढ्या शेतात बसवून घेतल्या होत्या, तिथेच, पालात. तीन दिवस ताप होता. चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी पाणी मागितलं, प्याले आणि पडून राहिले. निरोप दुपारी आला तेव्हा मी वर्गावर भूगोल शिकवत होतो. धडा पुरा केला, फळा पुसला आणि सायकल काढली.

त्याला आता पाच आठवडे झाले. मी सावकाश लिहिणारा माणूस आहे आणि आजवर शाळेच्या कामापलीकडे फारसं लिहिलेलंही नाही. पण ज्या माणसाला स्वतःची सही येत नव्हती, त्याच्या तोंडून ऐकलेल्या मजकुराने माझी एक वही भरली आहे. ती टेबलावर पडून असते. तिच्याकडे बघत बसण्यापेक्षा लिहावं, असं वाटलं.

वालूरपासून दोन कोसांवर, दुधनेच्या काठी आमचं गाव आहे. लिंबाजीदादा तिथल्या धनगर आळीतले. पाचपन्नास मेंढ्या, थोड्या शेळ्या, आणि पावसाळा सरला की देवगाव फाट्यापासून झरीपर्यंत शेताशेतांतून फिरणं, हा त्यांचा धंदा. पण दहा गावांत त्यांचं नाव होतं ते दुसऱ्या कारणाने. त्यांना पाण्याखाली राहता येत असे. विहिरीत घागर पडली, मोटेचा लोखंडी कणा तुटून तळाला गेला, की बोलावणं त्यांना. माणूस बुडाला तरी त्यांनाच. बुडालेलं माणूस वर आणलं की ते एक नारळ तेवढा घेत आणि तोही घरी न नेता नदीला देत. लहानपणी मेंढरं राखताना ही विद्या त्यांनी आपोआप शिकली होती. एरंडाच्या पानाचा देठ पोकळ असतो. तो तोंडात धरून ते उथळ पाण्यात पालथे पडत, देठाचं दुसरं टोक पाण्याबाहेर, आणि तास तास तळ बघत राहत. "वरून नदी म्हंजी नुस्तं पानी," ते म्हणायचे. "खालून बगा, गाव हाय गाव."

मला पोहता येत नाही. अजूनही येत नाही. आमची गाठ पडली ती देवांमुळे.

पोलीस ॲक्शनच्या आधीच्या श्रावणात गावातली बरीच घरं हद्दीपलीकडे वऱ्हाडात निघून गेली, तशी आमचीही गेली. वडील आधीच वारलेले. घरात माय आणि मी. मी एकोणीस वर्षांचा, उर्दूतून शिकलेला, आणि त्यामुळे स्वतःला जरा शहाणा समजणारा. धान्य पेवात राहिलं, भांडी शेणकईच्या खड्ड्यात पुरली. प्रश्न उरला देवांचा. देव्हाऱ्यात चांदीचे पाच टाक होते, माय लग्न होऊन आली त्याच्याही आधीपासूनचे. वाटेत झडती झाली तर ते जाणार, पुरले तर कुणी उकरणार. माय म्हणाली, "पान्यात ठिवू. पान्यातलं कोन बघतंय?" तांब्याच्या डब्यात टाक घातले, झाकणाला मेण लावलं, डब्याला वजन म्हणून घरातला वरवंटा सुताच्या दोरीने बांधला आणि उजाडताना आम्ही नदीवर गेलो. खडकावरून मी डबा सोडला. पाणी भरलेलं होतं, गढूळ होतं. डबा लगेच दिसेनासा झाला.

"खून कर बाबा काहीतरी," माय म्हणाली.

काठच्या खडकावर, अगदी पाण्याला लागून, एक गोल दगड होता. मायच्या करंड्यात तेलात कालवलेला शेंदूर होता. पावसाने धुऊन जाणार नाही म्हणून मी त्या दगडाला शेंदराचा पट्टा ओढला. ही युक्ती मला तेव्हा फार चांगली वाटली होती.

कार्तिकात परत आलो. निजामी गेली होती, गाव होतं तसं होतं. नदी उतरली होती. मी खूण बघायला गेलो तर खडकावरच्या एका कोरड्या, उंच पायरीवर शेंदूर लावलेले सात दगड एका ओळीत मांडलेले. पुढे हिरव्या बांगड्या, लिंबं, खणाचा तुकडा... नदीकाठच्या वस्तीवर गयाबाई नावाची एक म्हातारी राहत असे. तिला पूर ओसरताना शेंदराचा एक दगड दिसला होता. डोहाच्या काठी शेंदराचा दगड म्हणजे आसरा प्रकटली, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. आणि पाण्यातल्या आसरा सात बहिणी असतात, एकटी कधी नसते. म्हणून तिने आणखी सहा दगड शोधले, त्यांनाही शेंदूर लावला आणि पुन्हा पुराचं पाणी लागू नये म्हणून सगळ्यांना उचलून वर बसवलं.

"गयामाय, आधी शेंदूर होता तो दगड यातला कोणता?" मी विचारलं.

"हायेच की ह्या सातीत."

"आणि तो होता कुठं?"

"हितंच. पान्याच्या काठाला."

"पण पाणी तेव्हा कुठवर होतं?"

"देवाला कुटून आलीस म्हून इचारतेत व्हय रं? येवढी बुकं शिकून हेच शिकलास?"

मी घरी येऊन मायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती माझ्याबरोबर आली. मला वाटलं, आता ही गयाबाईला खरं काय ते सांगेल. मायने पदर सावरला, साती दगडांना हळदकुंकू लावलं, ओटी भरली आणि नमस्कार केला. परतताना मी म्हणालो, "अगं, शेंदूर तुझ्याच करंड्यातला."

"आसंल. पर आता ती आसरा हाय," ती म्हणाली. "तिचं देवपन मोडून आपले देव काढायचे काय? गप ऱ्हा."

त्या दिवशी तिने देव्हाऱ्यात पाच सुपाऱ्या मांडल्या. देव घरात नसले की सुपारी ठेवायची, ही रीत आहे. पण तिने स्वतःच्या मनाने त्या रीतीला एक जोड दिली. सुपारीला गूळखोबरं चालेल, पुरण मात्र टाकांनाच. टाक घरी येईपर्यंत आमच्या चुलीवर पुरण शिजणार नाही. कोणत्याच सणाला नाही. तिचं वय तेव्हा पन्नाशीच्या पुढे होतं. आपण जाण्याआधी देव जागेवर बसलेले बघायचे, एवढंच तिला हवं होतं. तिने ते फार वेळा बोलून दाखवलं नाही. मलाच ते रोज ऐकू यायचं, कारण खूण माझी होती.

म्हणून मी लिंबाजीदादांकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. शेंदराच्या पट्ट्यापाशी आल्यावर त्यांनी तोंडावर उपरणं धरलं. हसत होते.

"मंजी गावाला आसरा तुमी आनल्या."

"दादा, कुणाला सांगू नका."

"सांगतो कशाला? पर आता पंचाईत झाली न्हवं का. आसराच्या डव्हात कोन बुडी मारंल?"

खरी अडचण तीच होती. माझ्याच खुणेने तो डोह बंद झाला होता. बायका धुणं घेऊन दुसऱ्या खडकावर जाऊ लागल्या होत्या, पोरं तिथे पोहेनाशी झाली होती. लिंबाजीदादा नारळ घेऊन गयाबाईकडे गेले, मी मागे उभा होतो.

"माजी मेंढरं धुवायची जागा तीच हाय, बाई," ते म्हणाले. लोकर कातरण्याआधी मेंढ्या नदीत धुतात, वर्षातून दोनदा, दिवाळीनंतर आणि फाल्गुनात. "मेंढरासंगं मला बी पान्यात जावंच लागतंय. आसराचं काय म्हननं हाय?"

"मेंढरं धुशील त्या दिशी जा. दुसऱ्या दिशी पाय घातलास तर ओढील ती."

"मला न्हिऊन करंल काय? माजी बायकू बी मला घरात टिकू दिईना."

गयाबाई हसली नाही, पण नारळ घेतला. असं ते ठरलं. त्या डोहात शोध घ्यायचा तो वर्षातून दोन दिवस, मेंढ्या धुण्याच्या निमित्ताने. एरवी खालच्या अंगाचे डोह बघायचे, कारण पुराने डबा वाहत कुठवर नेला असेल, सांगता येत नव्हतं.

यानंतर मला गावच्याच शाळेत नोकरी लागली. शाळा उर्दूची मराठी झाली होती. भिंतीवरची निजाम हुजुरांची तसबीर उतरवून कपाटामागे उलटी ठेवलेली होती. हेडमास्तरांना विचारून मी तिची काच घेतली. राकेलच्या रिकाम्या डब्याचं बूड कापून तिथे ती काच बसवली, कडेने मेण आणि राळ तापवून लावली. डबा काचेच्या बाजूने पाण्यावर टेकवायचा आणि वरून आत डोकं घालायचं. लाटेची चमक नाहीशी होते, तळ दिसू लागतो. लिंबाजीदादांनी पहिल्यांदा त्यातून बघितलं तेव्हा ते बराच वेळ वाकलेलेच राहिले. मग मी काच कुठून आणली ते सांगितलं.

"हुजूर लय दिस वरून बगत व्हते," ते म्हणाले. "आता बसू द्या बुडाला."

आमच्या बाजूला दुधनेचं पात्र पाऊण कोस तरी खडकातून जातं. काळा, कातीव खडक, मध्ये आठ डोह. मी जन्मभर तो काठ बघत आलो होतो, पण डोहांना आतून काही रूप असतं हे मला माहीत नव्हतं. दादा बुडी मारून वर येत, दम टाकीत, आणि मी खडकावर बसून ते सांगतील तसं लिहून घेई. वहीतल्या काही ओळी इथे देतो. 'बैलडोह. दीड पुरुष पाणी. तळ वाळूचा, मध्ये एकच शिळा, बसलेल्या बैलासारखी. शिळेखालून माणूस आरपार जातो.' 'सासूचा डोह. वरून शांत. खाली दगडाला भोक आहे, तिथे पाणी ओढतं. पाय आधी घालू नये.' 'धुणीचा डोह. अडीच पुरुष. सकाळी दहाच्या सुमारास ऊन तळापर्यंत जातं, तेव्हाच बघावं. पश्चिमेच्या भिंतीला कपारी. मरळ माशांची वस्ती.' हा धुणीचा डोह म्हणजेच आसरांचा. त्यांच्या बोलण्यात अचूकपणा होता. नसलेली गोष्ट ते कधी सांगत नसत. मी 'साधारण एवढं' असं लिहिलं आणि वाचून दाखवलं, तर म्हणत, "साधारन नगा लिव्हू. मी हातानं मोजलंय."

मी त्यांचा दम पाढ्यांनी मोजत असे. ते खाली गेले की मनात बाराचा पाढा सुरू करायचा, मग तेराचा, चौदाचा... सोळाचा अर्धा झाला की डोकं वर यायचं. क्वचित सोळाचा संपायचा. एकदा सतराचा सुरू झाला तेव्हा मी खडकावर उभा राहिलो होतो. पाणी सपाट होतं आणि पलीकडे मेंढ्या धुतल्या जात होत्या. सतरा पाचे पंच्याऐंशीला ते वर आले आणि त्यांच्या हातात वरवंटा होता.

दोरी कुजून गेलेली होती. वरवंट्यावर शेवाळ होतं. पण एका टोकाला टवका उडालेला होता, तो मायने लगेच ओळखला. तिने तो घासून घेतला, उन्हात ठेवला आणि दुसऱ्या दिवशी त्यानेच चटणी वाटली. मधल्या काळात आणलेला वरवंटा तिने भागुबाईंना, म्हणजे दादांच्या बायकोला, देऊन टाकला. "वरवंटा आला, आता देव यीतील," ती म्हणाली.

तर्क असा झाला: वरवंटा धुणीच्या डोहात, पश्चिमेच्या भिंतीखाली पडला. दोरी तुटली. वजन सुटलेला डबा हलका, तो भोवऱ्याबरोबर भिंतीकडे गेला असणार, म्हणजे कुठल्यातरी कपारीत. दादांनी हात फिरवून कपारी मोजल्या. बत्तीस. मी वहीचं एक पान आखलं, एक ते बत्तीस आकडे घातले. प्रत्येक मेंढरं धुण्याला दोन, फार तर तीन कपारी बघून व्हायच्या, कारण ऊन सरकलं की आत काळोख आणि काळोखात मरळ चावते. 'कपार चार. हात खांद्यापर्यंत. तळाला खडे. नाही.' 'कपार नऊ. तोंड अरुंद. डावा हात जातो, उजवा जात नाही. नाही.' असं ते पान भरत गेलं.

धुणं झालं की माय दारात बसलेली असे. तिचा एकच प्रश्न असे. "किती ऱ्हायल्या?"

मी आकडा सांगायचा. एकोणतीस. सव्वीस. तेवीस... ती मान हलवायची आणि आत जायची. पहिल्या वर्षांत आकडा कमी झाला की बरं वाटायचं. पुढे पुढे मला तो सांगायला जड जाऊ लागला. दहाच्या खाली आलो तेव्हा मायच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला होता आणि ती भिंतीला हात लावत देव्हाऱ्यापर्यंत जात असे.

एके वर्षी दिवाळीनंतरच्या धुण्याला एकतिसावी कपार झाली. मी 'नाही' लिहिलं. शेवटची राहिली. दादा खाली गेले. मी पाढे सुरू केले आणि तेराचा पाढा संपायच्या आत ते वर आले.

"आज दम लागला," ते म्हणाले. "ऱ्हाऊ द्या. फागनात बगू."

फाल्गुनात ते पुन्हा तेराच्या पाढ्याला वर आले. "मरळ बसलीया तोंडाशी."

त्याच सुमारास आमचा मुलूख हैदराबादेतून निघून मुंबई राज्यात गेला. दादांच्या हयातीतलं हे तिसरं राज्य. शाळेचे नकाशे बदलले. मी नवा नकाशा भिंतीला लावत होतो तेव्हा ते दारात येऊन उभे राहिले. पश्चिमेकडचा निळा भाग दाखवून त्यांनी ते काय आहे विचारलं.

"समुद्र."

"त्यो बी आपल्यातच आला का?"

"काठ आला."

"मंग बगाया पायजे. आपला हाय तर."

ती थट्टा तिथेच राहिली असती. पण पुढच्या वर्षी मालवणकडचे एक परब गुरुजी बदलून आमच्या शाळेत आले. काचेचा डबा आणि एरंडाचा देठ यांची हकिगत त्यांनी ऐकली आणि म्हणाले, आमच्या गावी किनारा सगळा खडकाचा आहे, ओहोटीला पाणी काचेसारखं असतं, उन्हाळ्याच्या सुट्टीत या. मेंढ्या भागुबाई आणि त्यांच्या दिरावर सोपवून दादा खरंच निघाले. सेलूहून रेल्वे, पुढे दोनतीन गाड्या बदलून शेवटी घाट उतरणारी मोटार. डबा त्यांनी सगळा वेळ मांडीवर घेतला होता. डब्यात शिदोरी होती.

परब गुरुजींच्या गावचा किनारा आमच्या दुधनेच्या खडकासारखाच होता, काळा आणि चिरा पडलेला. फक्त पलीकडचा काठ नव्हता. ओहोटीला खडकांमध्ये पाणी अडून राहत होतं, लहानमोठे डोहच. काही बायका खडकावरची कालवं फोडून काढीत होत्या. एकीने दादांच्या हातातला डबा बघून विचारलं, "ह्यो डबो कशाक? दर्यो भरून न्हेतलास?"

दादांना शब्द कळले नसावेत, पण रोख कळला. "न्हाई बाई," ते म्हणाले. "भरून न्हाई. बगून जातो."

ते पाण्यात उतरले, बुडी मारली आणि खोकत वर आले. "आरं, हे तर कुनी मीठ कालवून ठिवलंय!" त्या बायका किती हसल्या! डोळे चुरचुरत होते म्हणून मग त्यांनी डबा घेतला. छातीइतक्या पाण्यात उभे राहून त्यांनी डब्यात डोकं घातलं आणि भरती येईपर्यंत या खडकाकडून त्या खडकाकडे तसेच सरकत राहिले. मधूनच मला बोलवायचे. मी गुडघाभर पाण्यात उभा राहून बघे. दगडाला फुटलेल्या फांद्या, हळदीच्या रंगाचे मासे, काळ्या काट्यांचे गोळे... आणि कपारी. जिकडे बघावं तिकडे कपारी, एकीच्या आत दुसरी. मी वही नेली होती. त्यांनी काही लिहायला सांगितलं नाही.

"दादा, लिहू का काही?"

"काय लिव्हता? हितं आपलं काय हरवलंय?"

पाणी चढलं तसे आम्ही वरच्या खडकावर येऊन बसलो. ते धोतराच्या सोग्याने काच पुसत होते.

"हितल्या कपारी सरायच्या न्हाईत," ते म्हणाले. "बेस हाय."

"बेस कसं?"

त्यांनी डबा बाजूला ठेवला. मग म्हणाले, "मास्तर, बत्तिसावीत मी हात घातल्याला न्हाई."

"मला माहीत आहे."

"ते कसं काय?"

"तेराच्या पाढ्यालाच वर येता तुम्ही."

ते मोठ्याने हसले. "काठाला बसून हेच मोजायलाव व्हय!" मग हसू थांबलं. "मायनं इचारलं किती ऱ्हायल्या, तर एक म्हून सांगाया येतंय. त्यात खोटं काय न्हाई. हात घातला आन मोकळा आला, तर मंग काय सांगायचं म्हातारीला?... आन आसले देव, तर तितंच हायती. कुटं जात्यात?"

परतीच्या प्रवासात मी त्याचा विचार केला. वर्गात मी मुलांना सांगतो की उदाहरण शेवटपर्यंत सोडवावं. टाक खरोखर तिथे असतील, हातभर अंतरावर, आणि माय त्यांच्याशिवाय जाईल, हीही शक्यता होतीच. ती मी त्यांना बोलून दाखवली, मनमाडच्या फलाटावर. ते म्हणाले, "आजून ती बसलीया न्हवं दारात? कशाच्या जोरावर बसलीया?" नंतर आम्ही तो विषय काढला नाही.

पुढची तीन वर्षं मेंढ्या धुतल्या जात राहिल्या. दादा बुडी मारत, तेराच्या पाढ्याला वर येत. मी घरी जाई. माय विचारी, "किती?" मी म्हणे, "एक." ती म्हणे, "हं." एकदा तिने एवढंच जास्त सांगितलं, "लिंबाजीला म्हनावं दम सांभाळ. घाई न्हाई." तिला काय कळलं होतं आणि काय नाही, मी विचारलं नाही.

आमची शेवटची भेट गेल्या दिवाळीनंतरच्या धुण्याची. डब्याची काच एका कोपऱ्यात सैल झाली होती, पाणी आत येत होतं. त्यांनी डबा माझ्याकडे दिला. "राळ लावून ठिवा. फागनात लागंल." मी होय म्हणालो आणि विसरलो. झरीहून सायकलने परत आलो त्या संध्याकाळी राळ तापवली आणि काच बसवली.

परवा मेंढ्या धुतल्या. भागुबाई आणि त्यांचे दीर कळप घेऊन आले. गयाबाई आता फार थकली आहे, तिला धरून आणलं होतं. तिने साती आसरांपुढे नारळ फोडला आणि थोडं खोबरं पाण्यात टाकलं. "वढला न्हाई बग तिनं त्याला," ती भागुबाईंना म्हणाली. भागुबाई म्हणाल्या, "न्हाई वढला." मेंढ्या एकेक करून पाण्यात ढकलल्या जात होत्या. दहाचा सुमार होता. मी डबा घेऊन पश्चिमेच्या भिंतीपाशी गेलो, खडकावर पालथा पडलो आणि काच पाण्याला लावली. ऊन तळापर्यंत गेलं होतं. बत्तिसावी कपार वरून दिसते, हे मला माहीत नव्हतं. तिचं तोंड वीतभर रुंद आहे. आत काळोख आहे. मरळ नव्हती.

भागुबाई माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या. "मास्तर, माजा दीर उतरतो म्हनतोय. त्येला बी दम हाय. घालू दिऊ का हात? मायचं काम येवढंच ऱ्हायलंय."

सवयीने बाराचा पाढा सुरू झाला. बाराचा संपला, तेराचा संपला.

"दादांनी तुम्हाला काही सांगितलं होतं?" मी विचारलं.

"न्हाई. तुमाला?"

"राहू द्या," मी म्हणालो. "नको."

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि दिराला हाक मारून मेंढ्यांकडे परत जायला सांगितलं.

घरी आलो. माय दारात बसली होती. आता तिला मी दिसत नाही, पावलं ओळखू येतात.

"किती ऱ्हायल्या?"

"एक."

"हं," ती म्हणाली.

आता पुन्हा नवं राज्य होणार, असं वर्तमानपत्रात येत आहे. म्हणजे शाळेचे नकाशे पुन्हा बदलतील. डबा खुंटीला टांगलेला आहे. काच घट्ट बसली आहे, पाणी आत येत नाही. देव्हाऱ्यात पाच सुपाऱ्या आहेत. वहीतल्या त्या पानावर एकतीस आकड्यांपुढे 'नाही' लिहिलेलं आहे. बत्तिसाव्यापुढे काही लिहिलेलं नाही.